बॉम्बे वेल्वेट

बॉम्बे वेल्वेट हा १५ मे २०१५ रोजी प्रदर्शित झालेला हिंदी भाषेतील ऐतिहासिक गुन्हेगारीपट आहे. अनुराग कश्यप यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून रणबीर कपूर, अनुष्का शर्मा, करण जोहर आणि के के मेनन यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. इतिहासकार ज्ञान प्रकाश यांच्या ‘मुंबई फेबल्स’ (२०१०) या ग्रंथातील सामग्रीवर चित्रपटाची कथा आधारलेली आहे. स्वातंत्र्योत्तर दोन दशकांतील मुंबई, तिच्यातील जॅझ क्लब, चोरटा व्यापार, वृत्तपत्रांची स्पर्धा आणि समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरील मालकीचा झगडा ही या चित्रपटाची पार्श्वभूमी आहे. एका सामान्य गुंडाची महत्त्वाकांक्षा, त्याला वापरून घेणाऱ्या धनिकाने केलेला विश्वासघात आणि त्यातून पेटलेला सूड हे त्याचे मुख्य सूत्र आहे.

फँटम फिल्म्स आणि फॉक्स स्टार स्टुडिओज यांनी निर्माण केलेला हा चित्रपट त्या काळातील सर्वाधिक खर्चिक हिंदी चित्रपटांपैकी एक होता. मुंबईच्या इतिहासावरील नियोजित चित्रत्रयीतील पहिला भाग म्हणून त्याची आखणी झाली होती. तिकीटबारीवर तो मोठ्या प्रमाणात अपयशी ठरल्यामुळे ही योजना पुढे सरकली नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई शहराची घडण मुळातच समुद्रात भर घालून झालेली आहे. सात बेटे जोडून एक सलग भूभाग तयार करण्याचे काम अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत चालले. विसाव्या शतकात बॅक बे, म्हणजे मलबार हिल ते कुलाबा यांमधील उपसागर, भरून काढण्याची मोठी योजना गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत हाती घेण्यात आली. अंदाजातील चुका, गैरव्यवस्था आणि वाढता खर्च यांमुळे ती अर्धवट राहिली. बॅरिस्टर खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी १९२० च्या दशकात या योजनेतील गैरकारभार चव्हाट्यावर आणला. त्याबद्दल त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे याच उपसागरात नव्याने भर घालून तयार झालेल्या व्यापारी भागाला ‘नरिमन पॉइंट’ असे नाव मिळाले. भरावाच्या गैरव्यवहाराविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव भरावाच्याच जमिनीला लागावे, हा मुंबईच्या इतिहासातील एक लक्षणीय योगायोग आहे.

स्वातंत्र्यानंतर शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली. फाळणीनंतर आलेले निर्वासित, कोकण व घाटावरून गिरण्यांत आलेले कामगार आणि देशाच्या अन्य भागांतून आलेले स्थलांतरित यांच्यासाठी दक्षिण मुंबईची चिंचोळी पट्टी अपुरी पडू लागली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. शहराची वाढ उत्तर-दक्षिण न होता पूर्वेकडे, मुख्य भूमीवर व्हावी आणि सरकारी कार्यालये तिकडे हलवावीत, असा या मांडणीचा गाभा होता. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईचे काम सुरू झाले. मात्र त्याच सुमारास नरिमन पॉइंटवरील भूखंडांवर कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि व्यापाराचे केंद्र दक्षिणेकडेच राहिले. चित्रपटातील कारस्थान जमिनीविषयीच्या या निर्णयांच्या काळात घडते.

याच काळात दारूबंदीचाही अंमल होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर मद्यासाठी परवाना आवश्यक झाला. मद्यपानाच्या जागेला मराठीत आजही रूढ असलेले ‘परमिट रूम’ हे नाव त्या व्यवस्थेची खूण आहे. बंदीमुळे हातभट्टी, गुत्ते आणि चोरट्या दारूचा धंदा फोफावला. त्याच्या जोडीला सोन्याची तस्करी वाढली. करीम लाला, हाजी मस्तान आणि वरदराजन मुदलियार ही नावे याच अर्थव्यवस्थेतून पुढे आली. मुंबईतील संघटित गुन्हेगारीचा पाया या दोन दशकांत घातला गेला, असे सामान्यतः मानले जाते.

कथानक

फाळणीनंतर मुंबईत आलेला बलराज (रणबीर कपूर) वेश्यावस्तीच्या परिसरात लहानाचा मोठा होतो. चिमन (सत्यदीप मिश्रा) हा त्याचा बालमित्र व चोऱ्यामाऱ्यांतील साथीदार असतो. बलराज रात्री पिंजऱ्यातील मुष्टियुद्धांत उतरतो आणि रक्तबंबाळ होऊन परततो. ‘द रोअरिंग ट्वेंटीज’ हा १९३९ सालचा अमेरिकन गुन्हेगारीपट पाहून आपणही एक दिवस ‘बडा आदमी’ व्हायचे, ही आकांक्षा त्याच्या मनात घर करते.

कैझाद खंबाटा (करण जोहर) हा उच्चभ्रू उद्योगपती व वृत्तपत्रमालक बलराजमधील बेडरपणा हेरतो. तो त्याला ‘जॉनी’ हे नाव देतो आणि ‘बॉम्बे वेल्वेट’ या क्लबचा व्यवस्थापक नेमतो. बाहेरून झगमगणारा हा क्लब आतून खंबाटाच्या काळ्या व्यवहारांचे केंद्र असतो. राजकारण्यांना जाळ्यात ओढणे, त्यांची आक्षेपार्ह छायाचित्रे काढणे आणि त्या बळावर जमिनीचे निर्णय आपल्या बाजूने फिरवणे, ही कामे जॉनीकरवी केली जातात. शहराचे महापौर रोमी मेहता (सिद्धार्थ बसू) हेही त्या जाळ्यात सापडतात.

रोझी नोरोन्हा (अनुष्का शर्मा) ही गोव्यातून आलेली गायिका आहे. बालपणीच गायनाच्या निमित्ताने तिचे शोषण झालेले असते. मुंबईत ‘ग्लिट्झ’ या वृत्तपत्राचा संपादक जिमी मिस्त्री (मनीष चौधरी) तिला आश्रय देतो. मिस्त्री आणि खंबाटा हे एकेकाळचे परिचित आता एकमेकांचे वैरी असतात. महापौरांच्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह मिळवण्यासाठी मिस्त्री रोझीला ‘बॉम्बे वेल्वेट’मध्ये हेर म्हणून पाठवतो. तेथे जॉनी आणि रोझी प्रेमात पडतात.

आपण केलेल्या कामाच्या मोबदल्यात जॉनी केवळ पगार न मागता नव्या शहरातील हिस्सा मागू लागतो. हाताखालच्या माणसाने भागीदारी मागणे खंबाटाला सहन होत नाही. रोझीचे गुपित उघड होते आणि तिच्या जिवावर बेतते. जॉनी तिच्या मृत्यूचा देखावा निर्माण करून ती म्हणजे रोझीची जुळी बहीण असल्याचे भासवतो. दुसरीकडे गुन्हे अन्वेषण करणारा विश्वास कुलकर्णी (के के मेनन) हा पोलीस अधिकारी एकेक धागा जुळवत खंबाटाच्या साम्राज्यापर्यंत पोहोचत असतो. अखेरीस सर्व बाजूंनी फसवला गेलेला जॉनी टॉमी गन हाती घेऊन सूड उगवतो. या संघर्षात खंबाटाचा अंत होतो, परंतु जॉनीलाही प्राण गमवावे लागतात. नवे शहर उभे राहते. त्यासाठी रक्त सांडणाऱ्यांना मात्र त्यात जागा मिळत नाही.

कलाकार

रणबीर कपूर – जॉनी बलराज
अनुष्का शर्मा – रोझी नोरोन्हा
करण जोहर – कैझाद खंबाटा
के के मेनन – विश्वास कुलकर्णी
मनीष चौधरी – जिमी मिस्त्री
सत्यदीप मिश्रा – चिमन
विवान शाह – टोनी
सिद्धार्थ बसू – रोमी मेहता
रेमो फर्नांडिस – पोर्तुगीज गृहस्थ
रवीना टंडन – क्लबमधील गायिका (विशेष भूमिका)

दिग्दर्शक व निर्माते म्हणून ख्याती असलेले करण जोहर यांची ही पहिलीच मोठी अभिनयभूमिका होती. यापूर्वी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ (१९९५) मध्ये ते छोट्या भूमिकेत दिसले होते.

निर्मिती

संकल्पना व लेखन

ज्ञान प्रकाश हे प्रिन्स्टन विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक आहेत. ‘मुंबई फेबल्स’मध्ये त्यांनी मुंबईविषयी प्रचलित असलेल्या कथा, दंतकथा आणि स्वप्ने यांच्यामागील सामाजिक इतिहास उलगडला आहे. भराव योजना, साम्यवादी कामगार चळवळ, ‘ब्लिट्झ’सारखी सनसनाटी साप्ताहिके आणि नगररचनाकारांची स्वप्ने हे त्या ग्रंथाचे विषय आहेत. ग्रंथात सलग कथानक नसल्यामुळे पटकथेसाठी काल्पनिक पात्रे निर्माण करावी लागली. पटकथालेखनात अनुराग कश्यप, ज्ञान प्रकाश, वासन बाला आणि थानी यांचा सहभाग होता. कश्यप हे अनेक वर्षे या विषयावर काम करत होते. लॉस एंजेलिसच्या गुन्हेगारी इतिहासावर लिहिणारे अमेरिकन कादंबरीकार जेम्स एलरॉय यांचा प्रभाव त्यांनी मान्य केला आहे.

कश्यप यांनी यापूर्वी ‘ब्लॅक फ्रायडे’मध्ये १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा तपास आणि ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (२०१२) या दोन भागांतील चित्रपटात धनबाद परिसरातील कोळसा माफियांचे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले वैर मांडले होते. ‘वासेपूर’मध्ये कोळसा, तर ‘बॉम्बे वेल्वेट’मध्ये जमीन हे संघर्षाचे मूळ आहे. दोन्ही चित्रपटांत एखाद्या संसाधनावर ताबा मिळवणाऱ्या सत्तेची कहाणी सूडकथेच्या रूपात सांगितली आहे. पहिला चित्रपट तुलनेने मर्यादित खर्चात आणि फारसे वलय नसलेल्या कलाकारांसह झाला होता, तर दुसऱ्यासाठी मोठा स्टुडिओ आणि आघाडीचे तारे एकत्र आले होते.

नेपथ्य व चित्रीकरण

१९५० व १९६० च्या दशकांतील मुंबई आजच्या मुंबईत चित्रित करणे व्यवहार्य नव्हते. जुने रस्ते, ट्रामचे रूळ, चित्रपटगृहांच्या पाट्या आणि दुकानांचे दर्शनी भाग नव्याने बांधावे लागणार होते. त्यामुळे या काळातील शहराचा विस्तृत सेट श्रीलंकेत उभारण्यात आला आणि चित्रपटाचा बराचसा भाग तेथे चित्रित झाला. नेपथ्यरचना सोनल सावंत यांची, तर वेशभूषा निहारिका भसीन खान यांची आहे. छायांकन राजीव रवी यांनी केले आहे. भडक रंगांतील क्लबचा अंतर्भाग आणि धुरकट, अंधाऱ्या गल्ल्या यांतील विरोध हे छायांकनाचे वैशिष्ट्य आहे.

संकलन

चित्रपटाचे संकलन प्रेरणा सैगल आणि थेल्मा शूनमेकर यांनी केले. शूनमेकर या मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या दीर्घकालीन सहकारी असून त्यांना संकलनासाठी तीनदा ऑस्कर पुरस्कार मिळाला आहे. न्यू यॉर्कच्या टोळ्यांवरील स्कॉर्सेसी यांच्या ‘गँग्ज ऑफ न्यू यॉर्क’ (२००२) या ऐतिहासिक सूडपटाचे संकलनही त्यांचेच होते. शहराची उभारणी हिंसेच्या पायावर होते, हा विचार दोन्ही चित्रपटांत समान आहे.

संगीत

संगीत अमित त्रिवेदी यांचे असून गीते अमिताभ भट्टाचार्य यांची आहेत. क्लबमधील बहुतेक गाणी नीती मोहन यांच्या आवाजात आहेत. ‘धडाम धडाम’, ‘मोहब्बत बुरी बीमारी’, ‘बेहरूपिया’ आणि ‘सिल्विया’ ही त्यांतील उल्लेखनीय गाणी होत. ‘दरबान’ हे गीत पापोन यांनी गायले आहे. ‘फिफी’ हे सुमन श्रीधर यांनी गायलेले गीत म्हणजे ‘सी.आय.डी.’ (१९५६) या चित्रपटासाठी ओ. पी. नय्यर यांनी संगीतबद्ध केलेल्या व गीता दत्त यांनी गायलेल्या गाण्याचे नवे रूप आहे.

संगीताला प्रत्यक्ष इतिहासाचा आधार आहे. १९३० च्या दशकापासून मुंबईतील ताजमहाल हॉटेल आणि चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत जॅझ वाद्यवृंद वाजत असत. त्यांतील बहुसंख्य वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज राजवटीतील चर्चसंलग्न शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळालेले असे. हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत आणि वाद्यवृंदाची रचनाही करत. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (आंतोनियो शाव्हियर वाझ) यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासमवेत काम केले. भगवान दादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांत या सहकार्याची छाप आहे. हा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात नोंदवला आहे.

रोझीच्या व्यक्तिरेखेशी गोव्याच्या गायिका लॉर्ना कोर्देरो यांची आठवण जोडली जाते. लॉर्ना यांनी वादक व संगीतकार क्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदासोबत मुंबईच्या क्लबांतून गायन केले होते. या दोघांच्या जीवनावर बेतलेला ‘नाचूंया कुंपासार’ हा बार्डरॉय बारेटो दिग्दर्शित कोंकणी चित्रपटही याच सुमारास आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच काळातील एकाच संगीतविश्वावर अल्प साधनांत झालेला कोंकणी चित्रपट आणि प्रचंड खर्चाचा हिंदी चित्रपट, अशी ही दोन रूपे आहेत.

इतिहास आणि कल्पित

‘बॉम्बे वेल्वेट’ नावाचा क्लब आणि त्यातील मुख्य पात्रे काल्पनिक आहेत. तथापि अनेक प्रसंगांमागे ओळखता येणारे संदर्भ आहेत.

‘ग्लिट्झ’ हे वृत्तपत्र रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या १९४१ साली सुरू झालेल्या साप्ताहिकाकडे निर्देश करते. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी पत्नी सिल्व्हिया यांचे प्रियकर प्रेम आहुजा यांना गोळ्या घालून ठार केले. या खटल्यात ‘ब्लिट्झ’ने नानावटींची बाजू उचलून धरली. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले, परंतु उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली व सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. ‘सिल्विया’ हे गीत या प्रकरणाचा थेट संदर्भ देते.

धनिक, वृत्तपत्रे आणि लोकप्रतिनिधी यांच्या संगनमताने जमिनीचे भवितव्य ठरते, हे चित्रपटाचे प्रतिपादन आहे. प्रत्यक्ष इतिहासात हे निर्णय एखाद्या खलपुरुषाच्या कारस्थानातून झालेले नव्हते. शासकीय धोरणे, भूखंडांच्या विक्रीतून मिळणारा महसूल आणि बांधकाम व्यवसायाचे हितसंबंध यांचा तो एकत्रित परिणाम होता. गुन्हेगारीपटाच्या चौकटीत ही गुंतागुंत दोन व्यक्तींच्या वैरात सामावली गेली आहे.

त्या काळातील मराठी मुंबईची मोठी घटना म्हणजे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. तिच्यात शंभरहून अधिक आंदोलकांनी हौतात्म्य पत्करले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली, तर ५ जून १९७० रोजी परळचे साम्यवादी आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली. चित्रपटाचा भर क्लब, वृत्तपत्रे आणि भूखंड यांवर असल्यामुळे गिरणगावातील हा राजकीय इतिहास पार्श्वभूमीवर राहतो. वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर चालणाऱ्या गिरण्या आणि त्यांतील कामगार यांची बाजू मांडणारी कलाकृती म्हणून जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि त्यावर आधारित महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट पाहता येतो. ‘लालबाग परळ’मध्ये १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगारांची मुले टोळ्यांकडे कशी वळली, याचे चित्रण आहे. ‘बॉम्बे वेल्वेट’ भरावाच्या जमिनीविषयी आणि ‘लालबाग परळ’ गिरण्यांच्या जमिनीविषयी बोलतो. या अर्थाने दोन्ही चित्रपट एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत.

शहराचे नाव १९९५ साली अधिकृतपणे इंग्रजीतही ‘मुंबई’ झाले. कथेचा काळ त्यापूर्वीचा असल्याने शीर्षकात जुने इंग्रजी नाव कायम ठेवले आहे.

प्रदर्शन व प्रतिसाद

सुरुवातीला २०१४ च्या अखेरीस प्रदर्शित करण्याचे ठरलेला हा चित्रपट पुढे ढकलण्यात आला आणि १५ मे २०१५ रोजी चित्रपटगृहांत आला. पहिल्या आठवड्यानंतर प्रेक्षकसंख्या वेगाने घटली. खर्च व उत्पन्न यांचे प्रसिद्ध झालेले अंदाज परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत, मात्र निर्मितीखर्चाच्या निम्मी रक्कमही वसूल झाली नाही, हे त्या सर्वांतून दिसते. ऑगस्ट २०१५ मध्ये लोकार्नो चित्रपट महोत्सवात पियात्सा ग्रांदे या खुल्या प्रेक्षागृहात तो दाखवण्यात आला.

समीक्षकांचे मत संमिश्र, परंतु प्रतिकूलतेकडे झुकणारे होते. नेपथ्य, वेशभूषा, छायांकन आणि संगीत यांचे बहुतेकांनी कौतुक केले. गुंतागुंतीचे कथानक, अनेक उपकथानकांची घाई आणि मुख्य पात्रांविषयी न वाटणारी आत्मीयता हे दोष दाखवण्यात आले. अमेरिकन गुन्हेगारीपटांचा प्रभाव इतका ठळक आहे की मुंबईचे स्वतःचे रूप झाकोळते, असाही आक्षेप घेतला गेला. संगीताला मात्र चित्रपटाच्या यशापयशापलीकडे श्रोतृवर्ग मिळाला.

परिणाम व वारसा

चित्रपटाच्या अपयशाचे परिणाम दूरगामी ठरले. मुंबईवरील चित्रत्रयीचे पुढील भाग झाले नाहीत. कश्यप यांनी त्यानंतर अल्प खर्चाचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) दिग्दर्शित केला. १९६० च्या दशकात मुंबईत दहशत माजवणाऱ्या रमन राघव या खुन्याच्या नावाचा आधार घेतलेला हा चित्रपट प्रत्यक्षात वर्तमानकाळात घडतो. जुने शहर पुन्हा उभारण्याचा खर्च त्यात टाळण्यात आला. फँटम फिल्म्स ही २०११ साली स्थापन झालेली संस्था २०१८ मध्ये विसर्जित झाली. करण जोहर यांनी आपल्या चित्रपटातील अपयशाचा उल्लेख पुढे अनेकदा विनोदाने केला आहे.

मुंबईच्या गुन्हेगारी विश्वावरील चित्रपटांच्या परंपरेत ‘परिंदा’ (१९८९), ‘सत्या’ (१९९८) आणि ‘वास्तव’ (१९९९) यांनी समकालीन टोळ्यांचे चित्रण केले होते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई’ (२०१०) आणि ‘शूटआउट ॲट वडाळा’ (२०१३) यांनी १९७० व १९८० च्या दशकांकडे वळून पाहिले. मराठीत ‘दगडी चाळ’ (२०१५) आणि पुण्याजवळील जमीनविक्री व टोळीयुद्ध यांचा संबंध दाखवणारा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) हे या प्रकारातील उल्लेखनीय चित्रपट होत. ‘मुळशी पॅटर्न’मध्येही जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे वळतो. ‘बॉम्बे वेल्वेट’चे वेगळेपण असे की, तो टोळ्यांच्या उगमापूर्वीच्या काळात जातो आणि गुन्हेगारीचे मूळ गल्लीतील दारिद्र्यापेक्षा दिवाणखान्यातील व्यवहारांत शोधतो. नरिमन पॉइंटच्या मनोऱ्यांमागे असलेल्या इतिहासाला मुख्य प्रवाहातील हिंदी चित्रपटाचा विषय करण्याचा हा एक मोठा प्रयत्न म्हणून त्याची नोंद घेतली जाते.